परिशिष्ट क्रमांक सात

माझ्या एका विद्यार्थिनीनं सहा कथा लिहिल्या होत्या आणि त्या मी घालवल्या. हे एका वाक्यात सांगता येतं, हे मला वीस वर्षांनी कळतंय. आजवर कुणाला सांगायला गेलो की मी दुष्काळापासून सुरुवात करायचो, तिथून विद्यापीठाच्या नियमांवर यायचो, आणि ऐकणारा विद्यापीठाला नावं ठेवू लागला की थांबायचो.

दुष्काळ होता हे खरं. साल बहात्तर संपत आलं होतं. शेवगावपासून बसनं अर्ध्या तासावरच्या एका गावात पाचेक वर्षांपूर्वी कॉलेज निघालं होतं. तिथं मी मराठीचा हंगामी अधिव्याख्याता होतो. वय सत्तावीस. कॉलेज एका जुन्या गोदामात भरायचं. पावसाळ्यात इतिहासाच्या वर्गात सरकीच्या पेंडीचा वास सुटे. त्या वर्षी पाऊस झाला नाही, त्यामुळे वास आला नाही.

ती आमच्या दुसऱ्या बॅचची. आठ मैलांवरच्या खेड्यातून यायची, वडील शेतकरी. बी. ए. होऊन सहा महिने झाले होते. दिवाळीनंतर ती दाखला न्यायला आली आणि स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. वर्गात ती ‘आहे’ म्हणायची, घाबरली की ‘हाय’ म्हणायची.

“सर, एक वही हाय.”

“कसली?”

“गोष्टी हायेत. सहा. पुण्याच्या एका मासिकाला कार्ड टाकलं होतं. त्यांनी लिहिलंय, एखादी पाठवा, बघू. कोणती पाठवू ते तुमी सांगा.”

“दुसरी प्रत आहे ना?”

“न्हाई. ही एकच. तुमी वाचून दिली की सगळ्यांची नक्कल करणार हाय, लगीन ठरायच्या आत. एकदा ठरलं की मग कुठलं लिहिणं.”

मी म्हणालो, “चार दिवसांत सांगतो.”

पहिली कथा मी त्याच दिवशी संध्याकाळी वाचली, दुसरी दुसऱ्या दिवशी. त्यापुढच्या वाचल्या नाहीत. कामं होती, पण ते कारण नव्हे. त्या वेळी मी स्वतः एक कादंबरी लिहीत होतो. चार वर्षं झाली होती आणि तिसरं प्रकरण चालू होतं. पहिली कथा वाचून झाल्यावर मी माझं तिसरं प्रकरण उघडलं आणि मिटलं. दुसरी कथा मला विनोदी वाटली, तेव्हा जरा बरं वाटलं. मग वही कपाटात ठेवली. चार दिवसांचे दोन महिने झाले. ती मध्ये एकदा येऊन गेली, तेव्हा मी म्हणालो, “वाचतोय. सावकाश वाचण्यासारखं आहे.”

जानेवारीत विद्यापीठाचा छापील तक्ता आला. कॉलेजला कायम मान्यता हवी असेल तर तो भरून, पुरावे जोडून द्यायचा होता. मान्यता मिळाली की माझी नोकरीही कायम होणार होती. तक्त्यात एक रकाना होता: कला व साहित्य क्षेत्रांतील माजी विद्यार्थ्यांची उल्लेखनीय कामगिरी. प्राचार्यांनी तो रकाना माझ्याकडे सरकवला.

“मराठी तुमच्याकडं. म्हणजे साहित्य तुमच्याकडंच. कलाही बघून टाका.”

“साहेब, आपल्या दोनच बॅचेस बाहेर पडल्यात.”

“मग शोधायला सोपं जाईल.”

आमचे सगळे माजी विद्यार्थी एका एसटीत बसले असते, आणि त्यातले निम्मे एसटीत कंडक्टर होण्यासाठी अर्ज करून बसले होते. मी पत्रं टाकली. आठवडाभर बसनं आणि सायकलनं हिंडलो आणि चार जण मिळवले.

पहिला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत होता. त्या साली लग्नं कमी, म्हणून तो खडी फोडण्याच्या सरकारी कामावर होता, पण क्लॅरनेट सोबत घेऊन जायचा. त्याची नोंद मी ‘वाद्यसंगीत’ अशी केली आणि बँडचा फोटो जोडून त्याच्या डोक्यावर शाईनं बाण काढला. दुसरा हॉटेलांच्या पाट्या रंगवायचा. त्याची नोंद ‘अक्षरकला’. त्यानं मला विचारलं, “सर, ह्याचं मला काय भेटल?” मी म्हणालो, “नोंद होईल.” तो म्हणाला, “नोंद व्हय? मग करा.”

तिसरा अकोले तालुक्यातला. डोंगरातून आमच्याकडे शिकायला आला होता, कारण त्याचा मामा इकडे शिक्षक होता. त्याच्या गावी बोहाड्यात, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचतात त्या उत्सवात, तो रावणाचं सोंग घ्यायचा. त्याला पुरावा मागितला तर त्यानं सरपंचांचं पत्र आणलं: ‘सदर इसम आमचे गावी रावण असून त्याची वर्तणूक चांगली आहे.’ चौथा ख्रिस्ती शिक्षक होता. तो चर्चमध्ये वीणा घेऊन येशूच्या चरित्रावर कीर्तन करायचा. स्वतः रचलेली पदं म्हणायचा आणि फार चांगलं म्हणायचा. त्याच्या पाळकांचं पत्र मिळालं.

प्राचार्यांनी यादी वाचली.

“रावण चालेल?”

“लोककलेत बसतो साहेब.”

“बरं. आणि साहित्य? ह्यात साहित्य कुठाय?”

“पदं आहेत कीर्तनाची.”

“ती कीर्तनात गेली. साहित्य म्हणजे पुस्तक हो. कविता, कथा, असलं काही. तुम्ही दोन वर्षं मराठी शिकवताय, एक लेखक निघाला नाही?”

मी म्हणालो, “एक कथासंग्रह आहे. हस्तलिखित.”

आजही मला वाटतं, प्राचार्यांनी शेवटचं वाक्य उच्चारलं नसतं तर मी गप्प बसलो असतो. पण खात्री नाही.

रकान्यात मी लिहिलं: ‘सहा कथांचा संग्रह, प्रकाशनाच्या मार्गावर. ग्रामीण स्त्रीजीवनाचे वास्तव चित्रण.’ सहापैकी चार कथांतलं चित्रण वास्तव आहे की कसं, मला माहीत नव्हतं.

तक्ता जोडायचं काम हेडक्लार्ककडे होतं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. नीटनेटका माणूस. फाईल बांधल्यावर चारी कडा तळहातानं ठोकून सारख्या करायचे. मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती पुढून-मागून बघितली.

“सर, ही वही हाय.”

“हो.”

“वही जोडता येत न्हाई. परिशिष्टाला कागद लागतो. वही ही वस्तू झाली.”

“मग?”

“मग तिचा कागद करावा लागल.”

त्यांनी मधल्या पिना सरळ करून काढल्या. लिहिलेली पानं एकीकडे, कोरी दुसरीकडे. कोरी पानं ऑफिसच्या कच्च्या कामाला ठेवून घेतली. लिहिलेल्या पानांना डाव्या कोपऱ्यात भोक पाडलं आणि प्रत्येक पानावर कॉलेजचा गोल शिक्का मारला. काही ठिकाणी शिक्का ओळींवर आला. पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं: परिशिष्ट क्रमांक सात.

“भाऊसाहेब, नक्कल करून नक्कल जोडली तर?”

“सर, बँडवाल्याचा आपण फोटो जोडला, कारण बँड जोडता येत न्हाई. हितं तर मूळ हातात हाय. मूळ असताना नक्कल जोडली तर साहेब लोक म्हनतील, ही खरी कशावरून?”

“पण परत येईल ना?”

“आवक-जावकला नोंद केली हाय. नोंद हाय म्हंजे जातंय कुठं?”

समिती चौथ्या दिवशी येणार होती. मधले दोन दिवस मला तास नव्हते. बसलो असतो तर सगळ्या कथांची नक्कल झाली असती, निदान वाचून तरी झाल्या असत्या. त्या दोन दिवसांत मी ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या पाठीला नंबर चिकटवले. ते काम शिपाई करू शकला असता.

समितीत तिघं होते. त्यांच्या आंघोळीसाठी टँकरचं पाणी राखून ठेवलं होतं. ते आंघोळ करूनच आले होते. मग ते पाणी त्यांना दाखवलं. त्यांनी वर्ग पाहिले, जेवण केलं. अध्यक्षांनी आमची फाईल दोन्ही हातांवर तोलली.

“बरंच काम केलंय तुम्ही.”

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. फाईल गाडीत गेली. परिशिष्टं कुणी उघडली नाहीत.

तीन महिन्यांनी मान्यता आली. पत्रात एक वाक्य होतं: माजी विद्यार्थ्यांची साहित्यिक कामगिरी समाधानकारक आहे. मी कायम झालो.

मान्यता यायच्या आधीच, फेब्रुवारीत ती वही मागायला आली होती. मी खरं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते असं: “वही पुण्याला आहे. तज्ज्ञांकडे.”

तिचे कान लाल झाले. मग तिनं विचारलं, “सगळ्या सहा?”

“सगळ्या.”

“मग मासिकाला काय कळवू?”

“थांबा म्हणून कळव.”

तिनं तसं कार्ड टाकलं. मासिकवाले थांबले. अजून थांबले असतील.

पुढच्या आठवड्यात शेवगावच्या बाजारात तिचे वडील भेटले. त्यांच्या हातात बैलांच्या दाव्यासाठी घेतलेला सुताचा गुंडा होता. तो खाली ठेवून त्यांनी हात जोडले.

“सर, पोरीची वही म्हनं पुन्याला गेली?”

“हो.”

“मोठमोठे लोक बघत्यात म्हनं?”

“हो.”

“लई उपकार झाले तुमचे. तिच्या आईचं म्हननं, पोरगी रिकामी बसून कागद खराब करती. आता गप झाली. सोयरिकीला पन बरं पडंल.”

बरं पडलं. मे महिन्यात तिचं लग्न पुणतांब्याला ठरलं. तिकडे गोदावरी आणि पाटाचं पाणी, त्यामुळे स्थळ चांगलं समजलं गेलं. लग्नात तिच्या चुलत्यानं माझी नवऱ्या मुलाकडच्यांशी ओळख करून दिली: “हे मुलीचे सर. ह्यांनीच वही पुन्याला पाठवली.” व्याह्यांनी मला आहेराचा फेटा बांधला. मी तो बांधून घेतला आणि पंगतीत बसलो. पाण्याच्या टंचाईमुळे बुंदी आणि शेव एवढंच होतं. मी दोनदा बुंदी घेतली.

बोहल्यावरून खाली आल्यावर तिनं वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, “काही कळलं, सर?”

“वेळ लागतो अशा कामांना.”

त्यानंतर दीड वर्षात तिची तीन पत्रं आली. प्रत्येकात घरची खुशाली आणि शेवटी एक ओळ: वहीचे काही समजले का? पहिल्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं. तिसऱ्या पत्रात ती ओळ नव्हती. ते पत्र घेऊन मी पुण्याला गेलो.

विद्यापीठात मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिसऱ्या टेबलावरचा माणूस माणुसकीचा होता. त्यानं आमची फाईल काढून दिली. आत सहा परिशिष्टं होती. सहाव्याच्या मागे सरपंचांचं पत्र होतं, रावणाची वर्तणूक अजून चांगली होती. त्यापुढे एक चिठ्ठी: ‘जाड परिशिष्टे स्वतंत्र.’

“स्वतंत्र म्हणजे कुठं?”

“स्वतंत्र म्हणजे ह्यात नाहीत.”

“मग कशात?”

“साहेब, मध्यंतरी सगळं दप्तर ह्या इमारतीतून त्या इमारतीत गेलं. जाड होतं ते आधी गेलं. कुठल्या खोलीत गेलं ते नेणाऱ्यांना माहीत. होतं काय त्यात?”

“कथा होत्या. मूळ प्रत.”

त्यानं चष्मा काढला. “मूळ प्रत? मूळ प्रत कुणी जोडतं का?”

त्यानं मला दोन खोल्या उघडून दिल्या. दोन दिवस मी गठ्ठे सोडत आणि बांधत होतो. दुसऱ्या कॉलेजांची जाड परिशिष्टं सापडली. एकात एक सबंध पीएच. डी.चा प्रबंध होता, तोही मूळ असावा. आमचं सातवं सापडलं नाही.

तिथून मी घरी न जाता पुणतांब्याला गेलो. दुपारी बारा वाजता पोचलो. घर मळ्यात होतं. ओट्यावर तिच्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

“कोन हाय?”

“मी तिचा सर. कॉलेजातला.”

“आगं बाई, वहीवाले सर व्हय? बसा. सूनबाई, तुजे सर आलेत गं!” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ऊसतोडीच्या टायमाला पन हिच्या तोंडी वहीच. मी म्हनते, वही हाय का नवरा?”

ती बाहेर आली. वाळली नव्हती, जाडही झाली नव्हती. कडेवर मूल होतं, ते तिनं सासूबाईंकडे दिलं. सासूबाई शेंगांचं सूप घेऊन मुलासकट आत गेल्या. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. दुष्काळापासून नाही. मी सांगितलं की तज्ज्ञ नव्हते, समिती होती. वही फाईलला जोडली होती. शिक्के मारले होते. ती कुणी उघडली नाही. ती हरवली.

ती ओट्याच्या कडेला बसली.

“म्हणजे कुणीच वाचली न्हाई?”

“नाही.”

“दोन वर्षं मला वाटतं, तिकडं पुण्यात एक म्हातारा माणूस हाय. चष्मा हाय त्याला. एकेक पान वाचतोय, म्हणून वेळ लागतोय.” ती थोडं हसली. “इथं कांदे लावताना मी त्याच्याशी बोलायची.”

तिनं आत जाऊन पेन्सिल आणि दुधाच्या हिशेबाची वही आणली आणि मागचं कोरं पान काढलं.

“तुमी वाचल्यात ना? सांगा. तुमाला जे आठवतं ते सांगा, मी लिहून घेते.”

पहिली मी सांगितली. गावातल्या एकुलत्या विहिरीशेजारी घर असलेल्या बाईची. सगळ्या बाया पाण्याला येतात म्हणून तिचं अंगण दिवसभर भरलेलं. मग विहीर आटते आणि कुणी येत नाही. “शेवटी ती कोरड्या विहिरीकडे बघून रडते.”

“रडत न्हाई, सर.”

“मला तसं आठवतंय.”

“ती अंगण झाडते. कुणी येणार न्हाई, झाडायची गरज न्हाई, तरी झाडते. आणि त्याच्या आधी ती रहाटाला तेल देते.” ती भराभर लिहू लागली. मी जिथे चुकत होतो तिथे तिला तिचं वाक्य सापडत होतं. मग मी मुद्दाम थोडा चुकू लागलो. ते तिच्या लक्षात आलं असावं, पण ती लिहीत राहिली.

दुसरी शिंप्याची. “ही विनोदी होती,” मी म्हणालो. “बायांचे झंपर उसवून आत घेतो, त्याचं आपलं तेच काम, गिऱ्हाईक तेच, माप रोज बदलतं.”

तिनं पेन्सिल थांबवली. “तुमी हसलात?”

“थोडा.”

“दुष्काळात बाया वाळत चालल्यात, सर. सगळ्या गावात ते फक्त त्याला कळतंय, कारण माप त्याच्या हातात हाय. आणि बाईमाणसाच्या मापाविषयी त्याला कुणाजवळ बोलता येत न्हाई. म्हणून तो गुपचूप आत घेत राहतो.”

“हो,” मी म्हणालो. “तसंच होतं.”

तिनं तेही लिहिलं. मग पान उलटलं. “तिसरी.”

आतून मूल रडल्याचा आवाज आला आणि थांबला. मी ओट्याच्या फरशीकडे बघत होतो.

“तिसरी कुठली आठवते, सर? मला तिची सुरुवातच येईना झालीय.”

“तिसरी मी वाचली नाही.”

“चौथी?”

“दोनच वाचल्या होत्या.”

“दोन महिने तुमच्याकडं होती.”

“हो.”

तिनं पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. मला वाटलं, आता ती उठून आत जाईल, आणि मी तशी अपेक्षा धरून पायात चपला सरकवल्या. ती म्हणाली, “काढा त्या. आता मी सांगते, तुमी ऐका. मध्ये बोलू नका. न्हाई कळलं तर हात वर करा.”

मी चपला काढल्या. तिनं तिसरी सांगितली, अडखळत, मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन. बोलता बोलता ती लिहीत होती. मी दोनदा हात वर केला. चौथी अर्धवट होती, पाचवीचा शेवट तिला तिथेच नवा सुचला. मधे सासूबाईंनी चहा आणला. त्यांनी माझा वर केलेला हात बघितला आणि न विचारता परत गेल्या. माझी दोनची गाडी गेली, पाचचीही गेली. ऐकताना मला कळत होतं की हे मी माझ्या खोलीत बसून, दिवाळीनंतरच्या कुठल्याही संध्याकाळी वाचू शकलो असतो.

मग ती सहाव्या कथेपाशी आली आणि थांबली. पेन्सिलीचं टोक पानावर टेकवून बसली. कुणाविषयी होती, ते आठवेना. नावही आठवेना. मी विचारलं, “गावातली होती का? बाईची होती का?” ती मान हलवत राहिली.

“छे. काहीच येत न्हाई,” ती म्हणाली. “सगळ्यात चांगली तीच झाली होती, एवढं आठवतं.”

आणि तिनं पानाच्या वर सहा हा आकडा घातला, खाली जागा मोकळी सोडली, आणि वही मिटून दूध काढायला उठली.